कुठल्या प्लॅटफॉर्मवर मागू, त्याआधी किती मागू?

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ते साखर कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करतात. त्यांच्या धाकट्या भावाच्या सहा वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा जन्मजात आजार आहे. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. मुलाच्या नऊ वर्षांच्या बहिणीचं एचएलए (एकाचं मॅरो दुसऱ्याला चालेल का, ते सांगणारी पेशींवरची खूण) जुळलं आहे आणि पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयानं बोन मॅरो (अस्थिमज्जा) ट्रान्सप्लांटसाठी चौदा लाखांचा अंदाज दिला आहे. सोनं, ठेव आणि सोसायटीचं कर्ज धरून घरातून चार लाख उभे राहतात. उरलेल्या दहा लाखांसाठी क्राउडफंडिंग, म्हणजे इंटरनेटवर मदतीचं पान उघडून लोकांकडून पैसे गोळा करणं, करायचं ठरतंय. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं तीन प्लॅटफॉर्मच्या फीचा तक्ता करून दिला आहे. न्यू जर्सीतला मावसभाऊ म्हणतो, अमेरिकेतला ‘गोफंडमी’ हा प्लॅटफॉर्म सगळ्यात भारी. वडील ‘रयत’च्या शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं म्हणणं, ‘घरातलं दुखणं चव्हाट्यावर मांडून हात पसरायचा नाही.’ भाऊ गप्प आहे. वाचक विचारतात, ‘सगळ्यात कमी पैसे कापणारा आणि सगळ्यात लवकर पैसे जमवून देणारा प्लॅटफॉर्म कोणता, एवढंच सांगा. आणि वडिलांची समजूत कशी घालू?’

नमस्कार,

तुमच्या भावाला तुमच्यासारखा थोरला भाऊ आहे, हे त्या घराचं भाग्य. नोकरी सांभाळून तुम्ही रुग्णालय, रक्तपेढी, बँक आणि आता हा तक्ता, सगळं अंगावर घेतलं आहे. म्हणून ‘एवढंच सांगा’ म्हणालात तरी थोडं जास्त लिहिते.

मी बरीच वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम केलं. एस्टिमेटचा कागद घेऊन आलेली माणसं रोज समोर बसायची. आधी विचारायची, ‘ताई, कुठला ट्रस्ट मदत करेल?’ पुढं पुढं विचारायला लागली, ‘कुठल्या ॲपवर टाकू?’ दोन्ही वेळा मी आधी एस्टिमेटचा कागदच मागून घ्यायचे. तुमच्या बाबतीतही तिथूनच सुरुवात करू या.

चौदा लाखांत काय काय धरलं आहे, ते रुग्णालयाकडून लेखी घ्या. दात्याच्या तपासण्या आत आहेत का? ट्रान्सप्लांटनंतर इन्फेक्शन झालं, आयसीयूत मुक्काम वाढला, तर कसं? घरी सोडल्यानंतरची औषधं? ट्रान्सप्लांटनंतरचे पहिले शंभर दिवस फार जपायचे असतात आणि त्या काळात मुलाला रुग्णालयाच्या जवळच राहावं लागतं. म्हणजे पुण्यात स्वच्छ, हवेशीर खोली, तिचं भाडं, एका पालकाचा बुडालेला पगार, तपासणीसाठी रिक्षाचं येणं-जाणं. हे कुठल्याच एस्टिमेटमध्ये नसतं आणि बरीच घरं नेमकी इथं मोडून पडतात. एकीकडं खरा आकडा चौदाच्या वर जाऊ शकतो.

दुसरीकडं तो बराच खालीही येऊ शकतो, आणि पत्रात याचा उल्लेखच नाही म्हणून मला काळजी वाटली. कोल इंडिया ही सरकारी कंपनी २०१७ पासून ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजना’ चालवते. भावंडाचं मॅरो जुळलेल्या लहान मुलांना ट्रान्सप्लांटसाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळते. वयाची अट आहे, उत्पन्नाची अट आहे, आणि ट्रान्सप्लांट योजनेच्या यादीतल्या रुग्णालयातच व्हावं लागतं. तुमचा पुतण्या सहा वर्षांचा आहे आणि बहीण जुळली आहे. या योजनेची चौकशी न करता दहा लाखांचं पान उघडणं म्हणजे कदाचित हक्काचे पैसे सोडून लोकांपुढं जाणं. सध्याचं रुग्णालय त्या यादीत नसेल, तर रुग्णालय बदलण्याचाही विचार करा. तमिळनाडूत वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात १९८६ पासून थॅलेसेमियासाठी मॅरो ट्रान्सप्लांट होत आले आहेत. मुंबई महापालिकेचं बोरिवलीत थॅलेसेमियाच्या मुलांसाठी वेगळं केंद्र आहे, तिथंही ट्रान्सप्लांट होतात. लांब पडेल, ओळखीचे डॉक्टर सुटतील, हे कळतं. तरी विचारून ठेवा.

मग महात्मा फुले जनआरोग्य योजना. तुमच्या रेशनकार्डावर आणि या उपचाराला नेमकं काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडं अर्ज करा. तिथं खासगी रुग्णालयाच्या एस्टिमेटवर सिव्हिल सर्जनची सही लागते, आणि अर्ज उपचाराच्या आधी करायचा असतो. बिल भरून झाल्यावर ते पैसे परत मिळत नाहीत. तुमचं रुग्णालय ट्रस्टचं असेल तर आणखी एक दार आहे. उच्च न्यायालयानं मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या रकमेतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढावे लागतात. काउंटरवर हे आपणहून कुणी सांगत नाही. समाजसेवा अधिकाऱ्याचं नाव विचारून त्यांच्या समोर बसायचं. आणि हो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढून घ्या.

तुम्ही म्हणाल, यात महिने जातील. काही आठवडे नक्की जातील. पण तुमच्याकडं थोडा वेळ आहे, आणि तो घाबरून वाया घालवू नका, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. अपघात किंवा हार्टॲटॅकच्या घरी पैसा रात्रीतून लागतो. तुमच्या पुतण्याला रक्त वेळेवर मिळतंय, अंगात साठणारं लोह कमी करणारी औषधं चालू आहेत, तोवर ट्रान्सप्लांट ठरवून करायची गोष्ट आहे. किती दिवस थांबलं तर चालेल, हे त्याच्या हिमॅटॉलॉजिस्टना (रक्तविकारतज्ज्ञांना) स्पष्ट विचारा आणि त्यांनी दिलेल्या मुदतीच्या आत हे अर्ज करून टाका. उत्तरं आली की उरलेली रक्कम दहा लाख राहणार नाही. सहा असेल, चार असेल. तेवढीच मागा, आणि पानावर लिहा की इतके घरचे, इतके योजनेचे, इतके कमी पडतात. असं पान वाचणाऱ्याला विश्वासाचं वाटतं. आकडा फार मोठा दिसला की माझ्या पाचशेनं काय होणार, असं म्हणून माणूस पुढं जातो.

आता प्लॅटफॉर्म. भाच्याचा तक्ता नीट केलेला आहे. पण त्यामागं एक समज दडलेला आहे की पैसे प्लॅटफॉर्म जमवतो. पाइपलाइन टाकली म्हणून विहिरीला पाणी लागत नाही, हे सांगलीच्या माणसाला मी काय सांगायचं! या पानांवर पहिला पैसा येतो तो तुम्हाला ओळखणाऱ्यांकडून: नातेवाईक, कारखान्यातले सहकारी, भावाचे मित्र, वडिलांचे विद्यार्थी. त्यांनी पुढं पाठवलं की त्यांच्या ओळखीचे देतात. अगदी अनोळखी माणूस देतो तो बहुतेकदा शेवटी, आधीची नावं आणि आकडे पाहून. नुसतं पान उघडून वाट बघत बसलेल्या घरांचे आकडे हलत नाहीत, हे मी जवळून पाहिलं आहे.

२०२१ मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीच्या सोळा कोटींच्या इंजेक्शनसाठी लोकांनी भरभरून दिलं. ती बातमी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसली आहे. पण ती देशभर गाजली होती, तिच्यासाठी केंद्र सरकारनं आयातीवरचा करही माफ केला होता. त्या बातमीवरून आपला हिशेब मांडू नका.

तक्त्यातली तिन्ही नावं मला माहीत आहेत. ‘मिलाप’ २०१० पासूनचं, बंगळुरूचं. ते सुरू झालं गरजूंना छोटी कर्जं मिळवून देण्यासाठी, उपचारांकडं नंतर वळलं. ‘केट्टो’ मुंबईचं, २०१२ चं. ‘इम्पॅक्टगुरू’ही मुंबईचंच, २०१४ चं. वैद्यकीय मदतीसाठी तिघांचीही पद्धत साधारण एकसारखी आहे: कागदपत्रं तपासतात, पान उघडून देतात, रक्कम रुग्णालयाच्या किंवा कुटुंबाच्या खात्यात पाठवतात. ‘गिव्ह’ किंवा पूर्वीचं ‘गिव्हइंडिया’ २००० सालापासूनचं आहे. ते तपासलेल्या संस्थांसाठी देणग्या गोळा करतं, म्हणून तुमच्या तक्त्यात ते नाही हे बरोबरच आहे.

फीचे आकडे मी इथं देत नाही, कारण ते बदलत राहतात आणि जुना आकडा धरून तुम्ही फसाल. हिशेब कसा करायचा तेवढं सांगते. समजा सहा लाख जमवायचे आहेत आणि कुणी ५ टक्के घेतो. झाले ३०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५,४००. वर कार्ड आणि नेटबँकिंगचा गेटवे खर्च. तो २ ते ३ टक्के धरला तर १२,००० ते १८,०००. म्हणजे हातात साधारण साडेपाच लाख. ‘शून्य टक्के’ लिहिलेलं असलं तरी गेटवेचा खर्च कुणीतरी भरतोच. आणि अशा पानांवर देणाऱ्याकडून ‘टिप’ मागितली जाते. टिपेचा आकडा बऱ्याचदा आधीच भरलेला असतो. तुमच्या आत्यानं हजार रुपये द्यायला बटण दाबलं आणि खात्यातून त्याहून जास्त गेले, तर तिला वाटेल की पोरांनी फसवलं. म्हणून लिंकबरोबरच सगळ्यांना सांगा की टिप कमी करता येते, काढूनही टाकता येते.

फीपेक्षा मला जास्त काळजी जाहिरातींची वाटते. काही पानांची फेसबुक-यूट्यूबवर जाहिरात केली जाते आणि त्यासाठी करार वेगळा असू शकतो. हा खर्च कोण करणार, जमलेल्या रकमेतून वळता करणार का, किती टक्क्यांपर्यंत, आणि जाहिरातीत आमच्या मुलाचं काय दाखवणार, हे तिघांनाही ईमेलवर विचारा. पैसे काढायला किती दिवस आणि कोणते कागद, तेही विचारा. ट्रान्सप्लांट लांबलं किंवा रद्द झालं तर जमलेल्या पैशाचं काय, हा प्रश्न विचारताना जीभ अडखळेल, तरी विचारा. पान मराठीत करता येतं का? आमचं काम बघणारा माणूस मराठी बोलतो का? तुमच्या भावाला आणि भावजयीला रात्री अकरा वाजता कुणाशी तरी बोलावं लागणार आहे, आणि ते त्यांच्याच भाषेत व्हायला हवं.

माझं मत विचाराल तर तिघांपैकी जो सगळ्यात आधी, लेखी आणि नेमकं उत्तर देईल, तो निवडा. टक्का-दीड टक्क्याच्या फरकापायी, पैसे काढायच्या दिवशी फोन न उचलणारा प्लॅटफॉर्म गळ्यात पडायला नको.

आता जवळच्या माणसांबद्दल. मोठ्या रकमा देणारे सख्खे-जवळचे नातेवाईक प्लॅटफॉर्मवर कशाला जातील? रुग्णालयाच्या खात्याचा तपशील घ्या, मुलाचा नोंदणी क्रमांक लिहून थेट तिथंच भरायला सांगा आणि पावती मागा. एक पैसा कापला जाणार नाही. पण सगळ्यांनीच असं केलं तर पान ओसाड दिसेल आणि परका माणूस देणार नाही. म्हणून त्याच मंडळींनी पाचशे-हजार रुपये पानावरही द्यावेत, आणि तेही पान जगाला दाखवण्याच्या आधी. पंधरा-वीस ओळखीची नावं खाली दिसली की मगच लिंक बाहेर सोडा.

भावाच्या नावाचा क्यूआर कोड व्हॉट्सॲपवर फिरवायचा मोह होईल, कारण त्याला फी नाही. जवळच्या वर्तुळाबाहेर तो जाऊ देऊ नका. कुणीही तुमच्या पुतण्याचा फोटो उचलून खाली स्वतःचा कोड चिकटवू शकतो, आणि असं घडतं. दुसरं म्हणजे, अनोळखी लोकांकडून आलेल्या रकमांपैकी एखादी सायबर फसवणुकीतून फिरत आलेली निघाली, तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक खातं गोठवते. ऐन ट्रान्सप्लांटच्या आठवड्यात खातं गोठलं तर काय कराल?

कराचंही बघून ठेवा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून जास्त रक्कम एखाद्याच्या खात्यात फुकट आली, तर आयकर कायदा ती उत्पन्नात धरतो. कायद्याच्या व्याख्येत सख्खी भावंडं, आई-वडील, काका-मामा-आत्या-मावशी येतात. चुलतभाऊ आणि मावसभाऊ येत नाहीत. रुग्णालयात थेट भरलेल्या पैशाचे कागद जपून ठेवा आणि प्लॅटफॉर्मचे पैसे घेण्याआधी गावातल्या सीएला अर्धा तास भेटा. देणाऱ्यांपैकी कुणी करसवलतीसाठी ८०जीची पावती मागेल. एका रुग्णाला दिलेल्या पैशावर ती सवलत मिळत नाही. नोंदणीकृत संस्थेला दिली तरच मिळते, तीही जुन्या करपद्धतीत असलेल्यांना, आणि रोख दोन हजारांपर्यंतच. हे आधीच सांगितलं की मार्चमध्ये कुणाचा रुसवा नको.

न्यू जर्सीच्या मावसभावाला माझा नमस्कार सांगा. ‘गोफंडमी’ अमेरिकेत फार मोठं आहे, पण ज्या देशांतल्या बँक खात्यांत ते पैसे देतं त्यांच्या यादीत भारत नाही. म्हणजे पान त्याच्या नावानं उघडणार, पैसे त्याच्या खात्यात जाणार आणि तिथून तो पाठवणार. तिथं दर देणगीमागे २.९ टक्के आणि वर ३० सेंट कापले जातात. दहा डॉलर देणाऱ्याचे जवळजवळ सहा टक्के गेले. त्याच्या ऑफिसातले अमेरिकन सहकारी देणार असतील तर हे ठीक आहे, फक्त मुलाशी आपलं नातं काय आणि पैसे कुणाला पाठवणार, हे त्यानं पानावर स्पष्ट लिहावं. मराठी मित्रमंडळच असेल तर आपल्याकडच्या ज्या प्लॅटफॉर्मवर परदेशी कार्ड चालतं त्याची लिंक त्यांना पाठवणं सोपं. एक मात्र करू नका. गावच्या मंडळाच्या किंवा ट्रस्टच्या खात्यात डॉलर मागवू नका. परदेशी देणगी घ्यायला संस्थेला एफसीआरए नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून असा पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. भलं करायला गेलेलं मंडळ अडचणीत येईल. मंडळाला पावतीपुस्तक छापून वर्गणीच काढायची असेल, तर गणपतीला घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी.

आता वडिलांकडं येते. ‘समजूत कशी घालू’ असं तुम्ही विचारलंत. म्हणजे ते चुकतात आणि तुम्ही बरोबर, हे तुमच्या मनानं ठरवून टाकलं आहे. मला ते निम्मे बरोबर वाटतात.

कुठं बरोबर, ते आधी सांगते. दुखणं चव्हाट्यावर मांडू नका, हे त्यांचं म्हणणं मुलाच्या बाजूनं ऐका. सुया टोचलेला, रडणारा, उघड्या अंगाचा फोटो, ‘माझं बाळ मरतंय’ अशी ओळ, हे सगळं इंटरनेटवर कायम राहतं. हा मुलगा बरा होईल, शाळेत जाईल, आठवीत असताना वर्गातला कुणीतरी त्याचं नाव टाकून हे शोधून काढेल. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या ॲस्की या संस्थेच्या नियमांतही मदतीच्या जाहिरातींनी पीडित माणसाची प्रतिष्ठा राखावी, अंगावर येणारी चित्रं वापरू नयेत, असं म्हटलं आहे. तुम्ही त्याहून कडक नियम घरात करा. मुलगा हसतोय असा एखादा फोटो, फक्त पहिलं नाव, तालुक्याचा उल्लेख. शाळेचं नाव नको, आधार नको, पूर्ण रिपोर्ट नको. प्लॅटफॉर्मला तपासायला कागद द्या. जगाला दाखवू नका. डॉक्टरांचं पत्र आणि एस्टिमेट दाखवावंच लागलं तर पत्ता आणि नोंदणी क्रमांक झाकून.

‘हात पसरायचा नाही’ यावर मात्र मी त्यांच्याशी वाद घालेन, आणि तोही त्यांच्याच संस्थेचं नाव घेऊन. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये ‘रयत’ उभी केली ती कुणा एका शेठजीच्या पैशावर नव्हे. घरोघरच्या बायका दळायच्या आधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत, त्या मुष्टिफंडातून वसतिगृहातली पोरं जेवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पोरांसाठी अंगावरचे दागिने मोडले. सर ज्या शाळेत शिकवत आले, तिचा पाया लोकांकडं मागून घातलेला आहे. पण कर्मवीरांनी मागितलं ते हिशेब ठेवून. मला वाटतं, सरांचा खरा सल इथं आहे. मोबाइलवर आलेल्या पैशाचा हिशेब कोण देणार, देणाऱ्याला कोण उत्तर देणार, कुणाचे उपकार किती, हे त्यांना दिसत नाही. म्हणून त्यांना मनवायला जाऊ नका, त्यांच्याकडं वही द्या. कोणी किती दिले, कुठल्या मार्गानं, रुग्णालयात किती भरले, ही नोंद एका निवृत्त मुख्याध्यापकाइतकी नीट दुसरं कुणी ठेवणार नाही. दर पंधरा दिवसांनी त्या वहीच्या पानाचा सारांश प्लॅटफॉर्मवर टाका. आणि ते तयार झाले, तरच, त्यांच्या सहीचं एक पत्र माजी विद्यार्थ्यांना जाऊ द्या. नाही म्हणाले तर त्यांचं नाव वापरू नका. त्यांच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या पाठीमागं मेसेज गेला, तर ते दुखणं ट्रान्सप्लांटनंतरही घरात राहील.

तुमच्या पत्रात वडील आहेत, भाऊ आहे, भाचा आहे, मावसभाऊ आहे. मुलाची आई कुठंच नाही. इतकी वर्षं दर महिन्याला त्याला घेऊन रक्तपेढीत बसली ती बहुधा तीच. फोटो टाकायचा की नाही, गोष्ट कशी सांगायची, यावर पहिला शब्द तिचा असू द्या. भाऊ गप्प आहे म्हणता. नेमका कशावर गप्प आहे, मागण्यावर की ट्रान्सप्लांटच्या भीतीवर, हे कुणी विचारलं आहे का? या उपचारात धोका असतो आणि तो डॉक्टरांनी दोघांनाही एकत्र बसवून सांगायला हवा. थोरल्या भावानं पैसे जमवायला घेतले की धाकट्याला ‘मला भीती वाटते’ म्हणायची सोय राहत नाही. आणि नऊ वर्षांची पोर. मॅरो तिचं जाणार आहे. तिला कळेल अशा शब्दांत कुणीतरी सांगा, तिचे प्रश्न ऐका, आणि तिचा फोटो पानावर नको.

मागायची वेळ आली की नुसती लिंक टाकू नका. घरातली आणि मित्रांतली आठ-दहा माणसं निवडा. प्रत्येकानं आपल्या ओळखीच्या वीसजणांची यादी करावी आणि एकेकाला फोन करावा. ग्रुपवरचा मेसेज सगळे वाचतात आणि दुसरा कुणी देईल म्हणून सोडून देतात. फोन झाल्यावर मेसेज, साधारण असा:

‘नमस्कार, मघाशी बोललो त्याबद्दल. माझ्या सहा वर्षांच्या पुतण्याला थॅलेसेमिया आहे. बहिणीचं मॅरो जुळलं आहे, पुढच्या काही महिन्यांत ट्रान्सप्लांट करायचं आहे. घरचे आणि योजनांचे मिळून इतके झाले, इतके कमी पडतात. जमेल तेवढं द्या, पैसे जमत नसतील तर दोन ओळखीच्यांना सांगा. लिंक खाली आहे. टिप दिसेल, ती काढली तरी चालते. शंका असेल तर मला फोन करा.’

यात रडणं नाही, देवाची शपथ नाही, ‘दहाजणांना पाठवा’ नाही. पैसे न देणाऱ्याला ओशाळं वाटू नये, एवढं बघा. त्यातलेच काही रक्तदानाला येतील. ट्रान्सप्लांटच्या काळात रक्त आणि प्लेटलेट्स लागतात, तेव्हा अशा माणसांची एक वेगळी यादी करून ठेवा. नोकरदार मित्राला हजार रुपये जड जातील, पण रविवारी सकाळी रक्तपेढीत तो खुशीनं येईल.

पैसे जास्त जमले तर काय, हे पान उघडतानाच लिहून टाका: उरलेले त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या थॅलेसेमियाच्या मुलाला, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागामार्फत. पुढं काही वाईट झालं तरी देणाऱ्यांना कळवणं ठेवा. आणि रक्कम पूर्ण झाली की पान बंद करा. चालू ठेवलेल्या पानामुळं पुढच्या घराचा विश्वास जातो.

हे सगळं एकाच आठवड्यात करायचं नाही. सुरुवात तहसील कार्यालयातून करा. उत्पन्नाचा दाखला बहुतेक सगळ्या अर्जांना लागतो, आणि तो मिळायला वेळ लागतो. त्याच दिवशी रुग्णालयात समाजसेवा अधिकाऱ्यांची वेळ घ्या, भाऊ आणि भावजय दोघांनाही बरोबर न्या, आणि कोल इंडियाच्या योजनेचं नाव तुम्हीच आधी काढा.